किल्लीच्या बदल्यात

माझे वडील व्हॅनची किल्ली उशीखाली ठेवून झोपायचे. आधी ती दाराजवळच्या खिळ्याला असायची. मी एकदा ती डाळीच्या डब्यात लपवली, सापडली, आणि तेव्हापासून किल्लीचा मुक्काम उशीखाली हलला. बाबा रोज सकाळी उठून उशी उचलत, किल्ली खिशात टाकत आणि माझ्याकडे न बघता चहा मागत.

त्यांनी सगळं आयुष्य स्टिअरिंगमागे काढलं. आधी मिलचा ट्रक, मिल बंद पडल्यावर इंदूर–हातोद मार्गावरची बस. बसची नोकरी सुटली तेव्हा एक जुनी व्हॅन घेतली आणि नातेवाइकांना इकडून तिकडे पोचवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. माणूस एरवी घुम्या, पण गाडीत बसला की गाणी म्हणायचा.

त्या श्रावणात राखीला आई-बाबा हातोदला आत्याकडे गेले होते. परतताना व्हॅन सरळ रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात घुसली. दोघांना खरचटलंही नाही, एवढं नशीब.

"गाय आडवी आली," बाबा म्हणाले.

"हो, गाय आली," आई म्हणाली. आई शेजारच्या सीटवर होती, तेव्हा शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. मी गायीला दोन शिव्या दिल्या आणि विषय सोडला.

पण काही दिवसांनी आम्ही जेवायला बसलो असताना बाबांचा घास हातातच राहिला. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. थोड्या वेळाने त्यांनी घास तोंडात घातला आणि विचारलं, "काय बघते? वरण वाढ." मधे काही घडलं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला. हा फिटचाच एक प्रकार, म्हणाले. माणूस पडत नाही, फक्त काही क्षण तिथे नसतो. गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची पूर्ण बंद, असं बजावलं. बाबांनी मान डोलावली, दवाखान्याच्या बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. "तो डॉक्टर तर पोरगा आहे," ते म्हणाले. "मी गिअर टाकत होतो तेव्हा तो पैदा पण नव्हता झाला." घरी येईपर्यंत मी दाराचं हँडल सोडलं नाही.

त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता. माझ्या रागाची त्यांना सवय आहे, आणि तो कुणाकडून आला हेही त्यांना माहीत आहे. ओरडून झालं, रडून झालं. आईला म्हटलं, तू तरी सांग, तर ती म्हणाली, "त्यांच्यापासून गाडी घेतली तर उरेल काय?" मला आईचाही राग आला. शेजारच्या सीटवर तीच बसत होती.

मग मला इंदूरच्या लालबागेत भरणारा मेळा आठवला. त्याच उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो आणि एका स्टॉलवर कॉम्प्युटरला स्टिअरिंग आणि पेडल जोडून ठेवलं होतं. पडद्यावर ट्रक, घाट, वळणं. बाबा गंमत म्हणून बसले आणि उठेनात. मागे रांग लागली तरी उठेनात. इंडिकेटर देऊन वळत होते, आरशात बघत होते. शेवटी चित्र थबकलं, मग झटक्यात पुढे सरकलं, आणि ते उठले. "अडकतं," म्हणाले. "अडकणारी गाडी मी चालवत नाही."

मी एका रविवारी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, मी तुम्हाला मेळ्यातली ती गाडी घरी आणून देते. बदल्यात व्हॅनची किल्ली द्या."

ते हसले. "ती तर अडकते."

"ही नाही अडकणार."

"अडकली तर?"

"तर किल्ली तुमची. पुन्हा नाव काढणार नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि हात पुढे केला. "सौदा पक्का." आमच्या घरात हात मिळवला की झालं. आता मागे फिरायला दोघांनाही जागा नव्हती. अशा स्क्रीनने त्यांचा त्रास वाढेल का, हे मी आधीच डॉक्टरांना विचारून आले होते. उजेडाच्या लखलखाटाने येणारा प्रकार हा नव्हे, असं ते म्हणाले होते.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. कॉम्प्युटर म्हणजे जो रोज उघडून बसते तो, एवढीच माझी ओळख. गेमचा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन घरी जोडला तर कमी पैशात जास्त दम मिळतो, हे मला ऑफिसातल्या एकाने सांगितलं. पैसे बेताचे होते, एवढं सांगून तो विषय संपवते. मग मी व्हिडिओ बघायला लागले. लोक त्यात झगमगाटाबद्दल बोलत, किती सुंदर चित्र दिसतं याबद्दल बोलत. मला सुंदर काही नको होतं. मला फक्त न अडकणं विकत घ्यायचं होतं, आणि ते नेमकं कुठल्या भागात असतं हे कुणी धड सांगत नव्हतं.

हळूहळू उलगडलं. ट्रकच्या या गेममध्ये चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर ओझं जास्त पडतं. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन छोट्या घेतल्या तर चाल सुधारते. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क घेतली तर नवा रस्ता समोर आला की चित्र थबकतं, म्हणून तिच्याऐवजी नवी, वेगवान एसएसडी हवीच. मी एका भागातून काढून दुसऱ्यात घालत होते, पुन्हा उलटं करत होते. हातातल्या पैशांत सगळं बसत नव्हतं आणि जिथे कात्री लावावी तिथेच अडकेल अशी भीती वाटायची.

त्यात पितृपक्ष आला. "नवी वस्तू आता नाही," आई म्हणाली, आणि याबाबतीत तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. तो सगळा पंधरवडा बाबा व्हॅन चालवत राहिले. भाजी आणायला, कुणाला स्टेशनवर सोडायला, उगीच. मी ऑफिसात बसून फोनकडे बघायची. संध्याकाळी गल्लीत व्हॅनचा तो खोकल्यासारखा आवाज आला की माझा श्वास सुटायचा. गोळ्याही ते मनाला येईल तशाच घेत होते.

नवरात्र बसलं आणि मी आणि बाबा दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, बोलघेवडा. त्याने पहिल्या झटक्यात रंगीत दिव्यांच्या पंख्यांचं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा डबा, समोर ठेवलं. "भिया, ये वाला देखो. पूरा कमरा चमक जाएगा."

बाबांनी ते फिरवून पाहिलं. "ट्रकला झालर लावली म्हणून तो घाट चढतो का? इंजिन दाखव."

मग त्यांनी प्रत्येक भाग गाडीच्या हिशेबाने विचारला. प्रोसेसर म्हणजे इंजिन, हे त्यांनी आल्या आल्या ठरवून टाकलं. रॅम म्हणजे माल ठेवायची जागा. वीज पुरवणारा डबा त्यांनी हातात तोलला, दुसऱ्या कंपनीचा तोलला, आणि हलका परत सरकवला. ग्राफिक्स कार्ड आम्ही वापरलेलं बघत होतो, कारण नवं परवडत नव्हतं. त्यांनी त्याचा पंखा बोटाने फिरवला, कान लावला, वासही घेतला. "हे रगडलेलं आहे. दुसरं दाखव." दुकानदार माझ्याकडे बघून हसत होता. मला हसू येत नव्हतं. बाबा खरोखर चांगला माल निवडत होते, म्हणजे सौदा मनापासून पाळत होते, की एखादी खोट सापडायची वाट बघत होते, हे मला कळत नव्हतं.

दुकानातल्या एका मशीनवर गेम चालू होता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा होता. बाबांनी विचारलं, हे काय?

"अंकल, एक सेकंद में कितनी तस्वीर बन रही है, वो. साठ पे रहे तो मक्खन. नीचे गया मतलब अटका."

"म्हणजे अडकलं की नाही ते इथे कळतं?"

"बिल्कुल. झूठ नहीं बोलता ये."

बाबा माझ्याकडे वळले. "घरी पण हा आकडा पाहिजे. साठच्या खाली गेला की डील कॅन्सल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! झगमगतं कॅबिनेट गेलं, साधा काळा पत्र्याचा डबा आला, आणि वाचलेलं सगळं प्रोसेसरमध्ये घातलं. स्टिअरिंग आणि पेडल एका कॉलेजच्या मुलीकडून जुनी मिळाली. डिस्कवर लागणारं सगळं दुकानदाराने आधीच भरून दिलं. भाग सुटे आणले, कारण जोडणावळ वाचवायची होती. दसऱ्याला सुट्टी, सकाळी बसून मी जोडणार होते.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चारला हातोदला आत्याकडे सोनं द्यायला निघायचं, हे दर वर्षीचं ठरलेलं. व्हॅनने. म्हणजे मला चारच्या आत मशीन उभं करायचं होतं. मी लवकर उठले, आंघोळीला गेले. बाहेर अंगणात बाबा व्हॅन धुत होते. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेट उघडून इंजिनाला गंध लावलं. हे सगळं मी न बघताही सांगू शकते, लहानपणापासून पाहत आले आहे.

मी केस पुसत बाहेर आले तेव्हा दिवाणखान्यात पाट मांडला होता. पाटावर लाल कापड. कापडावर माझे सगळे भाग खोक्यांतून काढून ओळीने मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट आणि वर अक्षता. ग्राफिक्स कार्डाला झेंडूचं फूल. बाबा हात जोडून उभे होते.

मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर जोडतात तिच्यावर, प्रोसेसर बसवायची एक चौकोनी जागा असते. तिच्यात केसाहून बारीक पिना असतात, शेकड्यांनी, आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं ते याचसाठी, की त्यांना कुणी हात लावू नये. ते झाकण निघालेलं होतं. आत ओलं कुंकू होतं आणि तांदळाचे दाणे बोटाने नीट दाबून बसवलेले.

"झाकण का काढलंत?" मी विचारलं.

"काय बात करते! बॉनेट न उघडता गाडीची पूजा होते का? प्लॅस्टिकला काय गंध लावायचं?"

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "किल्ली द्यायचीच नव्हती ना तुम्हाला? म्हणून केलंत ना हे?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला चण्याचं पुरण. बाबांचा चेहरा उतरला. ते हळू म्हणाले, "तू मला घेऊन दिलेली पहिली गाडी आहे बेटा. पूजा नको करू?"

मला रडू फुटलं. राग तसाच होता आणि त्याच्याखाली इतकी माया दाटून आली की मला दोन्ही सोसेनात. ज्या माणसाने आयुष्यात एकही नवी गाडी पूजेशिवाय हलवली नाही, त्याने या डब्यालाही गाडी मानलं होतं. आणि मानलं म्हणूनच मोडलं होतं.

"आता रोऊ नको," आई म्हणाली. "पहले बघ तर काय होतं ते."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला निघायचं. तोवर झालं तर झालं." सौदा त्यांना आठवत होता.

दुकानं बंद होती. उघडी असती तरी दुसरा मदरबोर्ड घ्यायची ऐपत नव्हती, आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. मी आईच्या इंजेक्शनसाठी आणलेलं स्पिरिट घेतलं, थेंब थेंब सोडलं, कागदाच्या टोकाने कुंकू टिपलं. दाणे चिमट्याने एकेक उचलले. बाबांच्या वर्तमानपत्राच्या भिंगातून पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या झोपल्या होत्या. आईने फॉल लावायची सर्वांत बारीक सुई दिली. एकही पिन तुटली असती तर खेळ संपला असता.

"टॉर्च धरा," मी म्हटलं.

बाबा शेजारी बसले आणि त्यांनी टॉर्च धरला. मी सुईचं टोक पिनेखाली घालायची, श्वास रोखायची, किंचित उचलायची. उजेडाचा गोल त्या कोपऱ्यावर जो पडला तो हलला नाही. सगळा वेळ, हलला नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि मी पिना उभ्या करता करता मनात म्हणाले, डॉक्टर चुकले असतील. हा हात असा स्थिर असेल तर खरंच गाय आली असेल.

जेवणं तशीच उरकली. पुरणपोळीची चव मला आठवत नाही. मी प्रोसेसर बसवला, पट्ट्या खोचल्या, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. पहिल्यांदा चालू होताना वेळ लागतो असं ऐकलं होतं, पण किती ते माहीत नव्हतं. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. आईने बारीक आवाजात काहीतरी म्हटलं, स्तोत्र असावं. आणि मग उजेड आला.

बाबा खुर्चीत बसले. आरसा नव्हता तरी नीट करायला हात वर गेला. मग ट्रक सुरू झाला. कोपऱ्यात हिरवा आकडा: साठ.

सुरेख चालवत होते. वळणापूर्वी वेग कमी, चढाला गिअर खाली, समोरच्याला दिवा. दुतर्फा झाडं मागे सरत होती आणि कुठेही काही थबकत नव्हतं. मी ट्रककडे बघतच नव्हते. मी त्या आकड्याला डोळे लावून बसले होते आणि मनातल्या मनात त्याला विनवत होते, पडू नकोस बाबा. आई दारात येऊन उभी राहिली.

"चाल चांगली आहे," बाबा म्हणाले. पडद्यावरून नजर न काढता. "नाही अडकत."

"मग किल्ली."

"देतो ना. उद्या देतो. आज दसरा आहे, गाडीला हार घातलाय. आज हातोदला गाडीनंच जाऊ. तू टेन्शन कायको घेते? मला कुठे काय झालं आज?"

"बाबा, सौदा झाला होता."

"उद्या म्हटलं ना. शेवटचं जाऊ दे."

आई आधीच तयार झाली होती. नवी साडी नेसली होती, आपट्याच्या पानांची पिशवी हातात होती. ती त्याच सीटवर बसणार होती. मी तोंड उघडलं, पुन्हा ओरडणार होते.

ट्रक वळणाशी आला आणि वळला नाही.

बाबांचे हात स्टिअरिंगवर होते, पण वळवत नव्हते. पाय पेडलवर तसाच. ओठ हलत होते, चघळल्यासारखे. "बाबा!" मी म्हटलं. ट्रक कठडा तोडून गेला, उतारावरून घसरत शेतात गेला आणि उलटला, आणि कोपऱ्यातला आकडा साठवरच होता. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते काही बघत नव्हते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट बघितली. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

मग ते परत आले. पडद्याकडे पाहिलं. ट्रकची चाकं वर फिरत होती.

"अडकलं," ते म्हणाले. "बघ. अडकलं ना? डील कॅन्सल."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. साठ.

"मधे पडला असेल."

"नाही पडला. मी त्याच्याकडेच बघत होते."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

तो आकडा त्यांनी स्वतः मागून घेतला होता. त्याच्याशी भांडता येत नव्हतं. आकडा म्हणजे काही तो पोरगा डॉक्टर नव्हता, की मी नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा शेतातल्या त्या उलट्या ट्रककडे पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली आणि दारात उभ्या असलेल्या आईकडे वळले.

"राखीच्या दिवशी," त्यांनी विचारलं, "गाय होती का गं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नव्हती," ती म्हणाली.

बाबांनी खिशातून किल्ली काढली. ती मला दिली नाही. उठले, आईपर्यंत चालत गेले आणि तिच्या हातात दिली. मग चपला घालायला वाकले. आई रडत होती.

"चल लवकर," ते चपलेच्या पट्ट्याशी बोलल्यासारखे म्हणाले. "हातोदची बस मिळेल अजून. उजव्या बाजूला बसू, या टायमाला डावीकडे ऊन येतं."